कशावर पडला?

कुणी पडल्याची बातमी आली की माणसं आधी 'लागलं का?' असं विचारतात. माझी सुमनआत्या विचारायची, "कशावर पडला?"

या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय ती हळहळायचीसुद्धा नाही. फरशीवर पडला, मातीवर पडला की उसाच्या पाचटावर पडला, त्यावर तिची हळहळ किती ते ठरायचं. पाचटावर पडलेल्या माणसाला तिच्याकडून सहानुभूती अशी मिळायचीच नाही. उलट, "एवढ्या मऊ गादीवर पडून वर बोंब मारतोयस व्हय?" असं ऐकून घ्यावं लागायचं.

माझे वडील म्हणजे तिचे थोरले भाऊ. ते एकदा सांगलीच्या आमच्या घरी माळ्यावरून पडले आणि त्यांचा हात मोडला. बातमी कळताच आत्या तासगावहून आली. घरात शिरली ती वडिलांच्या प्लास्टरमधल्या हाताकडं न बघता सरळ माळ्याखाली गेली. वर बघितलं, खाली वाकून फरशीवर बोटं टेकली आणि म्हणाली, "एवढ्या उंचीवरनं शहाबादी फरशीवर. हात मोडला ते बरं झालं. डोकं वाचलं." हात मोडला ते बरं झालं हे ऐकून आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आत्या वडिलांजवळ बसली आणि दिवसभर तिनं त्यांना लहान पोरासारखं भरवलं. जाताना माळ्याखाली एक जुनी गादी टाकून गेली. ती गादी पुढं कितीतरी वर्षं तिथंच होती. आई दिवाळीच्या साफसफाईत ती उचलायची आणि आत्या भाऊबीजेला आली की परत टाकायची.

आत्या तासगावहून आली असं मी म्हटलं, ती जीप घेऊन आली होती. आणि जीप ती स्वतः चालवायची. त्या काळात तासगावात बाई जीप चालवते ही गोष्ट बघायला एसटीचे ड्रायव्हरसुद्धा मान बाहेर काढायचे. शेजारच्या सीटवर आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, डोक्याला भलामोठा फेटा बांधून शांत बसलेले असायचे. मामांचा बेदाण्याचा व्यापार होता. द्राक्षबाग होती, बेदाण्याची शेड होती, बाजारात दुकान होतं. माणूस मोठा, पण त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावल्याचं कुणी बघितलं नव्हतं. लोक म्हणायचे, मगदूम तात्या मानी माणूस, गाडी हाकणं त्यांना कमीपणाचं वाटतं. बायकोनं हाकलेली चालते, हे कसं, असं कुणी विचारलं तर आत्याच मधे पडायची. "मला गाडीचा वेग बघाय आवडतंय," म्हणायची. "ते बसले तर मला कोण बघू देणार?"

आत्या लग्नाआधी सांगलीला कॉलेजात विज्ञान शाखेला होती. एक वर्ष झालं आणि आजोबांनी स्थळ ठरवलं. त्या एका वर्षात ती सगळ्यात मनापासून काय शिकली असेल तर ते पडणं. त्यांच्या वर्गात कुणा सरांनी टेबलावर चढून एक जड गोळा आणि एक हलका गोळा एकदम सोडून दाखवला होता, आणि दोन्ही एकदम खाली आले होते. या गोष्टीनं आत्याच्या मनात जे घर केलं ते कायमचं. गुरुत्वाकर्षण हा शब्द ती कधी वापरायची नाही. तिचा शब्द होता 'पृथ्वीची माया'. "मुंगीवर आन म्हशीवर पृथ्वीची माया सारखीच," ती सांगायची. "पर मुंगी गच्चीवरनं पडली तर उठून चालाय लागती. म्हैस पडली तर उठत न्हाई. कारण मुंगीला वारा धरून ठेवतोय. म्हशीला कोण धरणार?"

आणि मग कोडी. आत्याची सगळी कोडी पडण्याची होती. त्यातलं सगळ्यात लाडकं कोडं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत तासगावला गेलो होतो. शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं वाळत पडलेली होती, सगळीकडं तो गोडसर, थोडा गंधकाचा वास भरून राहिला होता, आणि आत्यानं जाळीवरची द्राक्षं हलवता हलवता विचारलं, "दहाव्या मजल्याच्या खिडकीत उभारून एक माणूस काचा पुसत हुता. तिथनं त्यानं उडी मारली. खरचटलंसुद्धा न्हाई. कसं?"

मी म्हणालो, खाली पाणी होतं. नव्हतं. गवताची गंजी होती. नव्हती. जाळी धरून माणसं उभी होती. नव्हती. मला काही केल्या उत्तर आलं नाही आणि आत्यानंही ते लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसलो असताना बाहेरून तिचा आवाज आला, "आरं, आत उडी मारली त्यानं. खोलीत." मला इतका राग आला की मी अंगावरचा साबणसुद्धा न धुता बाहेर आलो होतो.

हे कोडं तिनं घातलं नाही असा माणूस तासगावात सापडणं अवघड होतं. अडचण एवढीच होती की तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी दहा मजली इमारत बघितलेलीच नव्हती. त्यामुळं पहिली चर्चा हे दहा मजले कुठं आहेत यावरच व्हायची. मुंबईला असतील, असं आत्यानं सांगितलं की समोरचा सुटल्यासारखं म्हणायचा, मुंबईच्या माणसाचं काय सांगावं. आणि तिथंच विषय संपवायचा.

दुसरं एक कोडं मडक्याचं होतं. मडकं डोक्याच्या उंचीवरून दगडावर सोडलं, कमरेपर्यंत आलं, फुटलं नाही. का? तर, अजून दगडापर्यंत पोचलंच नव्हतं. हे कोडं मुळात अंड्याचं आहे हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या जैन घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून आत्यानं त्याचं मडकं केलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गावात एखाद्या बाईला कोड्यांचा नाद असतो, लोक हसतात आणि सोडून देतात. पण आत्यानं घरात चारचौघांत घातलेल्या कोड्याला एक नियम होता, तो लोकांना जड जायचा. कोड्याचं उत्तर बसून द्यायचं नाही. आत्यानं कोडं घातलं की खोलीतल्या सगळ्यांनी उठून तिच्याबरोबर अंगणात यायचं. तिथं ती शेडच्या जिन्यावर चढून वरून काहीतरी टाकून दाखवणार, ते बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं. "पडणं बघाय लागतंय," हे तिचं पालुपद होतं. "बसून न्हाई कळत. चला, उठा समदी."

आणि हे ती कधी करेल याचा नेम नसायचा. पंगत निम्म्यावर आलेली असायची, एखाद्या बाईनं आपल्या सासूची कथा नुकती रंगवायला घेतलेली असायची, आणि आत्या मधेच ताट सोडून उठायची. एकदा निवडणुकीत एक उमेदवार मामांना भेटायला आले. बरोबर पंधरावीस कार्यकर्ते. मामांचा बाजारात शब्द होता. उमेदवारांनी बोलायला सुरुवात केली न केली तोच आत्या आतून आली आणि म्हणाली, "साहेब, एक इचारू? भोपळा आन बेदाणा एकदम वरनं टाकला तर आधी काय पडंल?" उमेदवार हसले. आत्या हसली नाही. तिनं त्या सगळ्या लवाजम्याला बाहेर काढलं, स्वतः भोपळा घेऊन जिना चढली, आणि पांढऱ्या कपड्यातली ती सगळी माणसं भर उन्हात माना वर करून उभी राहिली. भोपळा आणि बेदाणा एकदमच खाली आले असावेत. कारण बेदाणा कुणाला दिसलाच नाही, आणि भोपळा मात्र उमेदवारांच्या धोतरापर्यंत पोचला. निवडून आलो की उत्तर सांगतो, असं म्हणून ते गाडीत बसले. पुढं ते पडले. आत्याचं त्यावर म्हणणं काय, असं लोकांनी मुद्दाम येऊन विचारलं होतं.

घरही तसंच. आत्याच्या घरात खुर्ची नव्हती. सगळ्यांनी खाली गादीवर बसायचं. खाली बसलेला माणूस पडत नाही, हे त्याचं शास्त्रीय कारण. ओट्याच्या कडा तिनं गवंड्याकडून गोल करून घेतल्या होत्या. उंबरा काढून टाकला होता. दाराच्या चौकटींना खालून हातभर जाड कापड गुंडाळलेलं असायचं, आणि घरभर सतरंज्यांखाली पोत्यांचे थर. त्या घरात चालताना आपण पिठात चालतोय असं वाटायचं. आम्हा पोरांना ते फार आवडायचं. कुठंही धावावं, कुठंही पडावं. माझ्या आठवणीत सुट्टी म्हटलं की ते मऊ घर येतं, अंगणातला जिना येतो, त्यावर चढलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेली आत्या येते, आणि आत गादीवर तक्क्याला टेकून बसलेले फेट्यातले मामा येतात. मामा कमी बोलायचे. आत्या माणसांना बाहेर घेऊन गेली की ते आतच राहायचे. त्यांना या प्रकाराचा कंटाळा आला असणार, असं आम्ही समजायचो.

मी मोठा झालो, डिप्लोमा केला, कुपवाडला एका कारखान्यात लागलो. तासगावला जाणं कमी झालं. मग आत्याच्या मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरायची वेळ आली. बैठकीला माझे वडील आणि मी माहेरचे म्हणून गेलो. मुलाकडची माणसं मिरजेजवळच्या गावची होती. मुलाचे वडील, चुलते, आई, आणखी दोनचार जण. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या चुलत्यांनी घसा साफ केला आणि देण्याघेण्याचं नाही पण लग्न कुठं करायचं ते बोलू, अशी सुरुवात केली. आणि आत्या उठली.

"पाव्हणं," ती म्हणाली, "दहाव्या मजल्यावरनं एक माणूस पडला."

मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. कोण पडलं, कधी पडलं, असं त्या घाबरून विचारायला लागल्या. आत्यानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. चला, बाहेर दाखवते, असं म्हणत तिनं सगळ्यांना अंगणात नेलं. माझे वडीलही कपाळाला हात लावत मागून गेले. मी लाजेनं अर्धा झालो होतो. निदान मामांना तरी धीर द्यावा, म्हणून मी मागं राहिलो.

मामा तक्क्यावरून कलले होते. आधी मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्यांचा हात दिसला. तो वाकडा होऊन थडथड उडत होता. डोळे उघडे होते, पण त्यांत मामा नव्हते. पाय गादीवर आपटत होते आणि पोत्यांच्या थरांमुळं त्याचा आवाज होत नव्हता. मी जागच्या जागी उभा राहिलो. काय करावं ते मला सुचेना. तेवढ्यात आत्या मागच्या दारानं आत आली. बाहेरच्यांना तिनं सुजाताच्या हवाली केलं होतं. तिनं मला बघितलं, पण थांबली नाही. मामांना कुशीवर वळवलं, त्यांचा फेटा नीट डोक्याखाली सारला, तोंडाला आलेला फेस पदरानं पुसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बाहेर सुजाता जिन्यावरून काहीतरी टाकत होती आणि पाहुणे हसत होते.

थोड्या वेळानं मामांचं अंग सैल पडलं. आत्यानं त्यांच्यावर चादर घातली, मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं, आणि बाहेर जाऊन हसत हसत म्हणाली की तात्यांचा जरा डोळा लागलाय, आपण शेडमध्येच बसून बोलू. लग्न शेडमध्ये, बेदाण्याच्या वासात ठरलं.

संध्याकाळी वडील मागं राहणार होते आणि मला कामावर जायचं होतं, म्हणून आत्या मला जीपनं एसटी स्टँडवर सोडायला आली. वाटेत मी काही विचारलं नाही. तिनंच जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

मामांना लहानपणापासून फिट येत होत्या. लग्नाच्या वेळी हे आमच्या घरी कुणी सांगितलं नव्हतं. आत्याला ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं, आणि कळलं ते समोर बघूनच. त्या दिवशी तिला भयंकर राग आला होता, असं तिनं मला सांगितलं. पण मामा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं तोंड करून बसले आणि तुला माहेरी जायचं असेल तर गाडी सांगतो, एवढंच म्हणाले.

"गेले मी माहेरी," आत्या म्हणाली. "सांगून टाकायचं म्हणून गेले. तुझ्या आजोबांनी इचारलं, जावई कसे हायेत. मी म्हणलं, लय चांगले हायेत. तोंडातनं गेलं तसंच. आन म्हणल्यावर मलाच कळलं की हे खरं हाय."

ती परत आली. मिरजेच्या डॉक्टरांकडं मामांना घेऊन जायला लागली, त्यासाठी गाडी शिकली. गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण बंद झाल्या नाहीत. फिट यायच्या आधी मामा डाव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळायला लागायचे. ते दिसलं की आत्याच्या हाताशी थोडासाच वेळ असायचा. तेवढ्यात खोली रिकामी करायची. उगाच उठा म्हटलं तर माणसं उठत नाहीत, का म्हणून विचारतात. कोडं घातलं की उठतात. मामा व्यापारी माणूस. फिट येते हे बाजारात कळलं असतं तर त्यांच्याशी बोलताना लोकांचा आवाज बदलला असता, आणि ते त्यांना सोसलं नसतं. आत्याला लोक चक्रम म्हणतात हे तिला माहीत होतं. एका घरात लोकांनी एकाच माणसाकडं बघायचं असेल तर तो माणूस आपण असावा, असं तिनं ठरवलं होतं.

मी विचारलं, "आणि सुजाताच्या होणाऱ्या सासरच्यांना हे माहीत आहे?"

"पोराला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मीच सुजीला सांगितलं, सगळ्यात आधी त्याला सांग. तो डॉक्टरास्नी भेटून आलाय. मला ठावं नसताना दिली हुती, तशी मी माझी पोरगी देणार न्हाई. पर पाव्हण्यांच्या म्होरं हे पडलेले दिसू नयेत. ती गोष्ट येगळी."

मग तिनं जीप सुरू केली. स्टँडवर उतरताना तिनं मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं नाही. मी सांगणार नाही हे तिनं धरूनच चाललेलं होतं. मी वडिलांनासुद्धा सांगितलं नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. फिटमुळं नाही. वय झालं होतं, सकाळी उठलेच नाहीत. तासगावच्या बाजारानं त्या दिवशी दुकानं बंद ठेवली.

त्यानंतर आत्याची कोडी थांबली. लोकांना आधी वाटलं, दुःख ताजं आहे. पण महिने गेले तरी तिनं कुणाला काही विचारलं नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाई जिन्यावरून पडल्या, त्यांना बघायला आत्या गेली, आणि लागलं का, एवढं विचारून परत आली. ते ऐकून मला काळजी वाटली. सुजाता तिला आपल्याकडं बोलावत होती, पण आत्या घर सोडायला तयार नव्हती. ती दिवसभर त्या मऊ घरात एकटीच बसून असायची. घरात पडण्याजोगं आता कुणी उरलं नव्हतं, तरी तिनं एक पोतं हलवलं नव्हतं.

मी एका रविवारी दुपारी तिला भेटायला गेलो होतो, तेव्हा भूपाल अण्णा आले. बाजारात मामांच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान. आता ऐंशीच्या घरात पोचलेले, काठी टेकत टेकत आले आणि कसेबसे गादीवर बसले. नव्या मालाबद्दल, पावसाबद्दल बोलून झालं. मग ते म्हणाले, "वहिनी, कोडं घालायचं का बंद केलासा?"

आत्या म्हणाली, "आता कुणाला घालायचं? आन कशाला?"

अण्णांनी काठी बाजूला ठेवली. सतरंजीकडं बघत ते म्हणाले, "कशाला घालत हुतासा ते आमास्नी ठावं हाय."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

अण्णांनी मग सावकाश सांगितलं. सुजाता पोटात असताना आत्या बाळंतपणाला सांगलीला आली होती. त्या दिवसांत एकदा भर सौद्यात मामा बेदाण्याच्या पेट्यांमागं पडले. आजूबाजूच्या चारपाच व्यापाऱ्यांनी त्यांना कुशीवर केलं, डोक्याखाली रिकामी पोती सारली. त्यातल्या एकाच्या भावाला हाच त्रास होता, त्यामुळं काय करायचं ते त्याला माहीत होतं. मग ते सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मामा फेटा बांधून बाहेर आले आणि डोळा लागला होता म्हणाले.

"आमी म्हणलो, ऊन लय हाय," अण्णा म्हणाले. "तवाच ठरलं आमचं. तात्यांना सांगायचं न्हाई, तुमाला सांगायचं न्हाई, दुसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई. पुढं तुमी कोडी घालाय लागलासा. पहिल्या बारीलाच आमाला उमगलं. आमा समद्यास्नी ती उत्तरं पाठ हुती, वहिनी. पर लवकर सांगून कसं चालंल? तात्यांना येळ नगो व्हय?"

मला वाटलं, हे ऐकून आत्याला बरं वाटेल. पण तिचा चेहरा तसा नव्हता. ती रागावली होती.

"मग मला एकदा सांगायचं तरी," ती म्हणाली. "किती वर्सं मी एकटीच करतीय असं समजून करत बसले. एकानं तरी सांगायचं."

"तुमी दोघं झाकताय म्हणल्यावर आमी कुठल्या तोंडानं सांगायचं?" अण्णा म्हणाले.

आत्या पदरानं डोळे पुसत राहिली. मग, आमच्यापैकी कुणाकडंच न बघता, ती हळू आवाजात बोलायला लागली.

"शुद्धीवर आले की एकच इचारायचे. कुणी बघितलं का? मी म्हणायची, कुणी न्हाई. कदी कदी वाटायचं, आज बघितलं असंल कुणीतरी. तरी म्हणायची, कुणी न्हाई. ह्यांच्याशी खोटं बोलले म्हणून बस्तीत देवापुढं जाऊन माफी मागायची मी."

"खोटं कुठलं?" अण्णा म्हणाले. "आमी कवाच बघितलं न्हाई."

मग त्यांनी काठी उचलली आणि मला हात दे म्हणून खूण केली. मी त्यांना उठवायला पुढं झालो, तर आत्यानं त्यांची काठी धरली.

"बसा की अण्णा," ती म्हणाली. "घाई काय हाय? त्यांचं हे कुणाजवळ बोलाय मिळालंच न्हाई मला."

अण्णा परत खाली बसले.